प्रार्थनेच्या मधात बोलायचं नाही

आमच्या घरात लेंटमध्ये भांडायला बंदी होती. त्यामुळे त्या दिवसांत आमची सगळी भांडणं प्रार्थनेत होत.

बंदी सासूबाईंची. इस्टरच्या आधीचा हा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला की आमच्या चर्चमधली माणसं काही ना काही सोडत. कोणी मटण सोडे, कोणी टीव्ही, आमचा एक दूरचा मामा दरवर्षी तंबाखू सोडे आणि दुसऱ्या आठवड्यात परत धरे. सासूबाई दोन गोष्टी सोडत, चहा आणि भांडण. चहा त्या स्वतःपुरता सोडत. भांडण मात्र साऱ्या घराचं सोडत. राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, चर्चमधून आलं की चपला काढता काढताच सांगत, "आता इस्टरपावेतो या घरात आवाज चढला नाई पाह्यजे." माणसानं सोडायचं तर स्वतःचं सोडावं, दुसऱ्याच्या खिशातलं दान करू नये, असं मला फार वाटे. पण ते बोलून दाखवणं म्हणजे भांडणच झालं असतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत आमचं दोन खोल्यांचं घर. घरात सासूबाई, माझा नवरा, मी आणि आमची तीन वर्षांची मुलगी. नवरा बोरगाव मेघेच्या बाजूला एका वर्कशॉपात जात असे. मी लग्नाआधी नर्सिंग शिकले होते, थोडी वर्षं काम केलं होतं, आणि मुलगी झाल्यावर घरी बसले होते. घरी बसले म्हणजे काय, एक मिनिट बसले नव्हते, पण आपल्याकडे त्याला बसणंच म्हणतात.

त्या वर्षी लेंट लागायला आणि माझी सरकारी नेमणूक यायला एकच गाठ पडली. वडनेरच्या सरकारी दवाखान्यात नर्स. अर्ज करून मी विसरूनही गेले होते. इस्टर झाल्यावरच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. नवऱ्यानं कागद दोनदा वाचला आणि पेढे आणायला निघाला. सासूबाई म्हणाल्या, "पेढे राहू दे. उपासाचे दिवस आहे. हा विषय आता नोको, इस्टर झाल्यावर पाहू."

"आई, इस्टरच्या दुसऱ्याच दिवशी जायचं आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणते. इस्टर झाल्यावर पाहू."

आता इथे मी काही बोलले असते तर आवाज चढला असता. चढवला नाही. गिळला. आणि त्याच संध्याकाळी मला कळलं, की विषय बंद झालेला नाही. तो फक्त दुसरीकडे सुरू होणार आहे.

आमच्याकडे रोज दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना असे. एरवी आठवड्यातून दोन-तीनदाच, पण लेंटमध्ये एक दिवस चुकत नसे. सतरंजी अंथरायची, एक गाणं म्हणायचं, शास्त्रातला एक उतारा वाचायचा, आणि मग वयाप्रमाणे एकेकानं डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची. आधी सासूबाई, मग नवरा, मग मी. मुलगी तोवर माझ्या मांडीवर झोपून जाई. नियम दोनच. कोणी प्रार्थना करत असताना मधात बोलायचं नाही. आणि प्रार्थना संपली की सगळ्यांनी आमेन म्हणायचं. दोन्ही नियम लहानपणापासून पाळत आले होते, माहेरीही हेच होतं. त्यात काही खोट असू शकते असं मला कधी वाटलं नव्हतं.

सासूबाईंची प्रार्थना नेहमी पुस्तकी मराठीत सुरू होई. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या, आजच्या दिवसाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो." पाद्रीसाहेबांनाही लाजवील अशी भाषा. ओळीनं सगळे येत. देशाचे पुढारी येत, चर्चची मंडळी, आजारी माणसं, विधवा, अनाथ. मग जरा थांबत, श्वास घेत, आणि घरच्या माणसांवर आल्या की भाषाही घरची होई.

"देवा बापा, ज्या बाईले आपलं लेकरू टाकून भाईर जावं वाटते, तिले तू बुद्धी दे."

आमेन म्हणायचं कोणी? मी. माझ्यावरची फिर्याद, आणि खाली सही माझी. नवऱ्याचं आमेन तर माझ्याआधीच निघालेलं असे, कारण त्याचं अर्धं लक्ष सातच्या बातम्यांकडे.

दुसऱ्या दिवशी, "देवा, आमच्या काळी आम्ही घर पाह्यलं, नवरा पाह्यला, तुह्या किरपेनं उपाशी नाई राह्यलो. आताच्या लोकायले समाधान काऊन नाई, हे तुलेच माहीत." आमेन. तिसऱ्या दिवशी डाळीत मीठ जास्त पडलं होतं, तर त्या रात्री देवाला हेही कळवण्यात आलं, की ज्यांचं मन वडनेरला असते त्यांचा हात मिठावर राहत नाई. आमेन.

उत्तर देता येत नसे, कारण त्या माझ्याशी बोलतच नसत. प्रार्थना झाल्यावर विषय काढला तर म्हणत, "काऊन, मी तुले काही म्हटलं का?" खरंच म्हटलेलं नसे. देवाला म्हटलेलं असे.

नवऱ्याकडून काही आशा नव्हती. माणूस चांगला, पण प्रार्थना पोस्टाच्या तारेसारखी. "प्रभू, सर्वांना सांभाळ, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, आमेन." मी एकदा त्याला गाठून म्हटलं, "तुझी इच्छा काय आहे ते तर सांग त्याला." तर म्हणाला, "मी काय सांगू, त्याले सगळं माहीत आहे ना." आई आणि बायको यांच्या मध्ये बसलेल्या माणसाला देवाच्या इच्छेइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

मग मीही कंबर कसली. माझी पाळी शेवटी येत असे, म्हणजे शेवटचा शब्द माझा. मी आवाज अगदी मऊ ठेवून सुरुवात करी, "प्रिय पित्या, तू आम्हांला जी देणगी दिली ती मातीत पुरून ठेवू नये, असं तू शिकवलंस." पुढे आजाऱ्यांची सेवा येई. पुढे, मोठ्या माणसांची मनं मोठी असावीत, ही विनंती येई. एकदा तर मी, "या घरात चहाशिवाय ज्यांचं डोकं दुखतं आणि त्यामुळे ज्यांचा स्वभाव बिघडतो, त्यांना तू शांती दे," असं म्हटलं. सासूबाईंचं आमेन त्या दिवशी फार उशिरा आलं, आणि दातांतून आलं.

आमची ही प्रार्थना दिवसेंदिवस लांबत गेली. मार्च संपत आला, उकाडा वाढला, कूलर लागला, आणि कूलरच्या आवाजावर आवाज काढावा लागत असल्यानं आम्ही दोघी आणखी मोठ्यानं प्रार्थना करू लागलो. शेजारी किराणा दुकानवाल्यांचं घर होतं, मधली भिंत एकच. त्यांच्याकडची वहिनी मोठी भाविक बाई. आमचे उपास चालू आहेत म्हटल्यावर ती दर दोन-तीन दिवसांनी साबुदाण्याची उसळ पाठवी. तिला आमच्या उपासाचं गणित काही केल्या समजत नसे. "तुमच्या उपासाले भात चालते, पोळी चालते, अन् चहा चालत नाई. हे कसं हो?" मी चहा सोडलेला नव्हता, पण घरात उकळला की सासूबाई नाकाला पदर लावत, म्हणून दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन पीत असे.

एका दुपारी कपबशी माझ्या हातात देताना ती म्हणाली, "काल सासूबाई जितल्या."

"कशात?"

"तेच, तुमच्या पूजेत. परवा तुमचं लय भारी झालतं. पण काल त्यायनं लेकराचं काढलं ना, तिथं तुम्ही पडल्या." तिनं आणखी साखर घातली. "आमचे हे म्हणते, टीव्हीपेक्षा हे बरं आहे. अन् वहिनी, एक विचारू? तुमचा देव निकाल कधी देते?"

मी हसले. घरी येताना मात्र मी इतकी खजील झाले, की अंगणातले कपडे वाळलेले असून तसेच राहिले. शेजारणीला आमच्या प्रार्थना पाठ होत्या. तिला निकालच विचारावासा वाटला, यात तिची काय चूक?

इस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पाद्रीसाहेबांनी उपदेशाच्या शेवटी सांगितलं, की या दुःखसहनाच्या आठवड्यात घरोघरी प्रार्थना मूक ठेवा. उतारा वाचा आणि मग गप्प बसून मनन करा. तोंडानं एक शब्द नको. मला वाटलं, शेजारणीकडून त्यांच्यापर्यंत काही गेलं की काय. ते शक्य नव्हतं, पण त्यांची नजर आमच्या बाकावरून फिरली तेव्हा सासूबाईंनीही हातातली झावळी उगाच सरळ केली.

मला आधी रागच आला. सोमवार तोंडावर आलेला, एका आठवड्यात हो की नाही व्हायचं होतं, आणि बोलायची होती नव्हती तेवढी एक जागाही बंद झाली. पहिल्या संध्याकाळी कूलर बंद केला. उतारा नवऱ्यानं वाचला, बागेतल्या रात्रीचा, प्रभू एकटा प्रार्थना करतो आहे आणि बरोबरचे शिष्य झोपून गेले आहेत. मग आम्ही गप्प बसलो. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात सवयीनं सुरुवात केली, की प्रभू, ज्यांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही... आणि तिथेच थांबले. ऐकायला सासूबाई नव्हत्या. मनातलं त्यांना ऐकू जाणार नव्हतं. मग हे वाक्य मी कोणासाठी जुळवत होते?

पुढचं वाक्य सुचेना. दुसरं काही आठवून पाहिलं, तर तेही त्यांच्यासाठीच. सगळं लेंट मी रोज देवासमोर बसत होते आणि त्याला सांगण्यासारखी एक गोष्ट माझ्याकडे नव्हती. मला याचा इतका संताप आला, स्वतःचा, सासूबाईंचा, आणि खरं सांगायचं तर देवाचाही. तो तरी इतके दिवस गप्प का बसला? एखाद्या वेळी म्हणायचं तरी, की बाई, माझ्याशी बोलते का तिच्याशी?

पण दुसऱ्या दिवशी मी सकाळीच जरा बसले, नळ यायच्या आधी, ओट्याला टेकून. बसायचं ठरवलं नव्हतं, पण ते रिकामं राहिलेलं वाक्य टोचत होतं. तिथे, कोणी ऐकत नसताना, माझ्या तोंडून जे निघालं त्यात पित्याची कृपा नव्हती आणि देणगीही नव्हती. "देवा, मले भेव लागते," एवढंच निघालं. चार वर्षांत मी सुई धरली नव्हती. बाळंतपण पाहिलं नव्हतं. रात्री डोळा लागताना मला माझे हात दिसत, आणि शीर सापडत नसे. सासूबाईंनी अडवलं याचा राग होताच, पण त्यांनी अडवावं असं माझ्यातलं कोणीतरी आतून म्हणतही होतं. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. देवाला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, आणि सांगितल्यावर तो तिथे आहे असं मला वाटलं. त्याहून जास्त काही मला सांगता येणार नाही. नळ आला, मी पाणी भरायला उठले.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी तशी बसले. चिडचिड काही गेली नाही. उलट डोकं निवल्यावर सासूबाई जास्तच स्पष्ट दिसायला लागल्या. संध्याकाळच्या मूक प्रार्थनेत त्यांचे ओठ सारखे हलत. बोलायची सवय झालेली बाई, गप्प बसणं हाच त्यांचा खरा उपास होता.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारभर चर्चमध्ये बसून आलो. ऊन असं, की घरात शिरल्यावर थोडा वेळ काही दिसेना. संध्याकाळी सतरंजी घातली, कूलर बंद केला, उतारा झाला, आणि आम्ही डोळे मिटले. मुलगी त्या दिवशी माझ्याकडे न येता आजीच्या मांडीवर झोपली होती. बराच वेळ गेला. आणि मग ऐकू आलं. आधी कुजबुज, मग आवाज. सासूबाईंना कळलंच नव्हतं, की ओठांबरोबर आवाजही सुटला आहे.

"...देवा, हे वडनेरले क्वार्टरात राहाले जातीन. पोट्टीले नेतीन. मंग मी या घरात कोणासंग बोलू? भिंतीसंग बोलू का? मले एकटीले झोप नाई येत रे बापा. हे त्यायले सांगता येत नाई. तूच काहीतरी कर."

मी डोळे उघडले. नवऱ्यानंही उघडले होते. क्वार्टर? क्वार्टरचं नाव कोणी काढलं होतं? नवऱ्याचं काम इथे, घर इथे. मी रोज एसटीनं जाणार होते आणि एसटीनं येणार होते, हे मला इतकं उघड वाटत होतं, की मी ते सांगितलंच नव्हतं. आणि त्यांनी विचारलं नव्हतं. सगळं लेंट मीठ, लेकरू, समाधान, आमच्या काळी, आणि पोटात हे. मला त्यांची कीव यायला हवी होती. ती नंतर आली. आधी माझा संयम सुटला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी प्रार्थनेच्या मधात बोलले.

"आई, क्वार्टरात कोण जाऊन राह्यलं? मी रोज जाणार, रोज येणार. पोरगी तुमच्याचजवळ राहणार. तुम्ही नाही सांभाळली तर मी जाऊच कशी शकते?"

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. मुलीच्या अंगावरचा हात तसाच ठेवून म्हणाल्या, "मधात बोलू नोको. मी तुह्यासंग बोलून नाई राह्यली."

मग त्यांनी नाक ओढलं, आवाज सारखा केला, आणि पुन्हा सुरुवात केली.

"देवा बापा, ही म्हणते, रोज येणं-जाणं करीन. तू ऐकलं ना?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. मग मीही डोळे मिटले, कारण दुसरा रस्ता नव्हता, आणि म्हटलं, "देवा, आईले सांग, मी येणं-जाणंच करीन."

"देवा, हिले विचार, रातची ड्युटी लागली तं?"

"देवा, रातची लागली तं हे पोरीचे बाबा घरी आहेत, त्यायले सांग का आईजवळ बसत जा."

यावर नवऱ्यानं घसा साफ केला. "प्रभू," तो म्हणाला, "मी बसीन." लग्न झाल्यापासून त्याच्या प्रार्थनेत इतकं स्पष्ट काही मी ऐकलं नव्हतं.

"आमेन," सासूबाई म्हणाल्या. भिंतीपलीकडे वहिनीच्या घरातला टीव्ही बंद होता.

इस्टरच्या दिवशी चहा झाला. सासूबाईंनी दोन कप घेतले आणि दुसऱ्या कपानंतर माझ्या चपातीला नाव ठेवलं, म्हणजे सगळं पूर्ववत झालं. नोकरीबद्दल कोणी काही बोललं नाही. पण सोमवारी पहाटे मी उठले तर डबा भरून ओट्यावर ठेवलेला. मी साडी नेसून निघाले, तशा त्या दारात आल्या आणि मला हातानं थांबवलं. त्यांनी डोळे मिटले. मी म्हटलं, आता देशाच्या पुढाऱ्यांपासून सुरुवात झाली तर माझी गाडी चुकते. पण त्यांनी एकच वाक्य म्हटलं.

"देवा, हिले एसटीत बसाले जागा भेटू दे."

जागा मिळाली नाही. वर्ध्याच्या स्टँडवरूनच गाडी भरून आली होती. हिंगणघाटपर्यंत मी दांडी धरून उभी, कोणाचं तरी पोतं पायावर, कोणाचा तरी कोपर बरगडीत. तिथून वडनेरची गाडी धरली, त्यातही उभीच. दिवसभर वॉर्डात उभी. पहिली शीर दुसऱ्या खेपेला सापडली. येतानाही तेच, आणि पिपरीच्या वळणावर उतरले तेव्हा पोटऱ्या दगडाच्या झाल्या होत्या. मनात ठरवून आले होते, की आल्या आल्या सांगायचं, या नोकरीत काय हाल आहेत ते. निदान कोणीतरी ऐकावं.

सासूबाई मुलीला कडेवर घेऊन फाटकातच उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोणास ठाऊक.

"जागा भेटली होती?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. "भेटली," मी म्हटलं. "खिडकीजवळची."

लेंट संपलं होतं, तरी त्या संध्याकाळी त्यांनी सतरंजी घालायला लावली. पुढारी, चर्च, आजारी माणसं, सगळे ओळीनं आले. शेवटी त्यांनी श्वास घेतला आणि खिडकीजवळच्या जागेबद्दल देवाचे उपकार मानले. माझ्या पायांत गोळे येत होते. मी आमेन म्हटलं, आणि नवऱ्याच्या आधी म्हटलं.